न्यूट्रियाच्या पाहणीला निघण्याआधी

अमेरिकेतल्या दलदलींत न्यूट्रिया, म्हणजे पाण्याकाठी बिळं करून राहणारा मोठा कुरतडणारा प्राणी, शोधायचा तर सामान बांधण्याआधी गेल्या चार-पाच हिवाळ्यांची नोंद काढा. नुसतं सरासरी तापमान पुरत नाही, पाणी सलग किती दिवस गोठलेलं होतं ते हवं. बर्फाखाली अन्न अडकतं, न्यूट्रियाच्या उघड्या शेपटीला हिमदंश होऊन जखमा चिघळतात आणि गाभण माद्यांचे गर्भ टिकत नाहीत. दक्षिण अमेरिकेतून फरसाठी आणलेल्या या प्राण्याला उत्तरेकडे रोखणारी मुख्य गोष्ट थंडीच होती. हिवाळे सौम्य झाले की उरलेली जनावरं वसंतापर्यंत तगतात. मादी चार ते सहा महिन्यांत विणीला येते, गर्भकाळ सुमारे १३० दिवसांचा आणि व्याल्यावर एक-दोन दिवसांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून ज्या वर्षी बर्फ धरला नाही, त्या वर्षी पाहणीचा पट्टा आणखी उत्तरेला आणि ओढ्यांच्या वरच्या अंगाला वाढवा.

थंडीच्या भरवशावर मात्र कधीच राहू नका. इंग्लंडच्या पूर्व भागात १९६२-६३च्या कडाक्याने बहुतेक न्यूट्रिया मारले, तरी पुढच्या सौम्य हिवाळ्यांत ते पुन्हा वाढले. १९८१ पासून सलग सापळे लावले, तेव्हा कुठे १९८९ मध्ये ते तिथून संपले.

ओळख पक्की करूनच निघा. पूर्ण वाढलेला न्यूट्रिया पाच ते नऊ किलोचा, म्हणजे आपल्या घुशीच्या कितीतरी पट. दात नारिंगी, मिशा पांढऱ्या, शेपूट गोल. तिथल्याच पाण्यात मस्करॅट आणि बीव्हर हे दुसरे कुरतडणारे प्राणीही दिसतात; मस्करॅटची शेपूट दोन्ही बाजूंनी चपटी असते आणि बीव्हरची वल्ह्यासारखी रुंद. न्यूट्रियाच्या लेंड्या लांबट असून त्यांवर उभ्या खाचा दिसतात. बांधाच्या कडेला साधारण वीस सेंटिमीटर रुंदीचं बिळाचं तोंड दिसलं तर वरून चालू नका, आतून पोखरलेला बांध खचतो.

सगळ्यात जास्त वेळ कुंपणाच्या चौकोनांना द्या, कारण दलदल कशाने नष्ट झाली याचं निदान इथेच चुकतं. मेरीलँडच्या ब्लॅकवॉटर अभयारण्यातली हजारो एकर दलदल पाण्याखाली गेली. त्यामागे न्यूट्रिया होते, तशी समुद्राची वाढती पातळी आणि खारं पाणीही होतं. न्यूट्रिया लव्हाळ्याची मुळं उकरून खातो. मुळांनी धरलेला गाळ सुटतो, भरती तो वाहून नेते आणि तिथे उघडं पाणी उरतं. पातळी वाढत असताना ती जागा आपोआप भरून येत नाही. म्हणून एक मीटर लांबी-रुंदीचे जाळीबंद चौकोन उभारा, जाळी वीसेक सेंटिमीटर चिखलात गाडा आणि प्रत्येकाशेजारी तेवढाच उघडा चौकोन आखा. दोन्हीकडे झाडं मेली तर दोष पाण्याचा, म्हणून क्षारता मोजायचं यंत्र सोबत हवंच. फक्त उघड्या चौकोनात मेली तर कुणीतरी खाल्ली आहेत. पण हिमहंसही मुळं उकरतात, तेव्हा लेंड्या आणि पावलांचे ठसे पाहिल्याशिवाय न्यूट्रियाचं नाव लिहू नका.

हालचाल होताच आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून लावा आणि समोरचं पाणकणीस कापा, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांच्या चित्रांनीच कार्ड भरेल. थंडीत न्यूट्रिया दिवसाही उन्हाला येतो, म्हणून फक्त रात्रीची वेळ लावू नका.

सापळ्यासाठी परवानगी आणि जमीनमालकाची संमती लेखी घ्या. साधारण ऐंशी सेंटिमीटर लांबीचा पिंजरा आणि आमिषाला गाजर किंवा रताळं पुरतं. जुन्या भरतीरेषेवर विसंबून काठावर लावलेला पिंजरा आता बुडू शकतो आणि आतलं जनावर तडफडून मरतं. पिंजरा तरंगत्या तराफ्यावर ठेवा, दोरीला भरती-ओहोटीच्या फरकाइतकी ढील द्या आणि रोज सकाळी न चुकता तपासा.

जाड रबरी हातमोजे आणि मांडीपर्यंतचे बूट घाला, जखम जलरोधक पट्टीने झाका. न्यूट्रियातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि त्याच्या विष्ठेने दूषित पाण्यातल्या जंतांच्या अळ्या त्वचेतून आत शिरून खाज आणतात.

पैशाचं आणि माणसांचं नियोजन शेवटचं जनावर पकडण्यापाशी थांबवू नका. मेरीलँडलगतच्या चेसापीक उपसागराच्या काठी शेवटचा ज्ञात न्यूट्रिया २०१५ मध्ये सापडला आणि उच्चाटन जाहीर झालं ते २०२२ मध्ये. मधली वर्षं विष्ठेचा वास घेणारे कुत्रे आणि केस अडकवणाऱ्या तरंगत्या फळ्या यांच्या मदतीने उरलेसुरले न्यूट्रिया शोधण्यात गेली. कॅलिफोर्नियात न्यूट्रिया संपल्याचं मानलं जात होतं, २०१७ मध्ये ते सॅन वाकिन खोऱ्यात पुन्हा सापडले. तेव्हा रिकाम्या फेऱ्यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच धरा.