शिफ्टआधी पेटी उघडून बघा: आयोडीन कशाला चालतं, कशाला नाही

कोल्हापुरातली शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा उद्यमनगर, फौंड्री (धातू ओतायचा कारखाना) कुठलीही असो, प्रथमोपचाराची पेटी भरताना आधी आयोडीनच्या बाटलीवरचं लेबल वाचा. पोव्हिडोन आयोडीन १० टक्के, ‘सोल्यूशन’ लिहिलेलं हवं. ७.५ टक्क्यांचं ‘स्क्रब’ दिसायला तसंच, पण त्यात साबण असतो. उघड्या जखमेला ते नको. जुनं टिंक्चर स्पिरिटमधलं, भट्टीजवळ पेट घेईल, म्हणून तेही काढा. बाटली १०० मिलीची पुरे, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. सोबत हातमोजे, निर्जंतुक गॉज, बँडेज, कात्री, सलाईन. १९४८ च्या कारखाना कायद्यानं १५० कामगारांमागे एक पेटी सांगितली होती. आमचं म्हणणं, फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करतात तिथं) वेगळी ठेवाच, कारण हात तिथंच जास्त कापतात.

कापल्यावर अंगठी लगेच काढा, सूज आली की निघत नाही. गॉजनं १० मिनिटं सलग दाबा, मध्येच उचलून बघू नका. रक्त थांबत नसेल तर दाब तसाच ठेवून दवाखाना गाठा. थांबलं तर वाहत्या पाण्यानं वाळू, ग्रीस, कूलंट निघेपर्यंत धुवा. हीच पायरी लोक गाळतात, आणि मग आयोडीन त्या घाणीवरच खर्च होतं: गडद तपकिरी रंग फिका पडला की ताकद संपली समजा. औषध गॉजवर ओतून लावा, बाटलीचं तोंड जखमेला टेकवू नका. २-३ मिनिटं वाळू द्या. ओलं असतानाच घट्ट पट्टी बांधली तर खालची कातडी भाजल्यासारखी होते. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा जुनं लाल औषध (मर्क्युरोक्रोम) मुळीच नको; लाल औषधातल्या पाऱ्याशी आयोडीनचा संयोग कातडीला जाळतो.

लोखंडाचा रस उडून भाजलं तर आयोडीन नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. २० मिनिटं गार वाहतं पाणी, चिकटलेलं कापड न ओढता वर स्वच्छ कोरडं कापड, आणि १०८ ची रुग्णवाहिका किंवा थेट कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय. ग्राइंडरचा कण डोळ्यात गेला तर फक्त पाणी. रुतलेला असेल तर चोळू नका, उपसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

थायरॉईडचा त्रास असलेल्या, गरोदर आणि आयोडीन न सोसणाऱ्या कामगारांची नावं झाकणाच्या आत चिकटवा; त्यांची जखम सलाईननं धुवून डॉक्टरांना दाखवा. प्रत्येकाच्या शेवटच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनचं वर्षही तिथंच लिहा: मळकट जखम असेल आणि ५ वर्षं उलटली असतील तर दवाखान्यात ते आधी सांगायचं.