जर्मनीतली इंटर्नशिप संपतेय? डॉइचलांड-टिकेट १० तारखेच्या आत रद्द करा

इंटर्नशिप संपवून आपण घरी येतो, तरी पुढच्या महिन्याच्या तिकिटाचे पैसे खात्यातून कापले जातात. डॉइचलांड-टिकेट म्हणजे जर्मनीभर लोकल आणि रिजनल गाड्यांत चालणारं मासिक तिकीट, आणि ही दर महिन्याला आपोआप चालू राहणारी वर्गणी आहे. विद्यावेतनावर राहणाऱ्याला हा फटका चांगलाच जाणवतो.

१. शेवटचा महिना ठरला की त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत, जिथून तिकीट घेतलं त्याच ॲपमध्ये ते रद्द करा. घाबरू नका, महिनाअखेरपर्यंत ते चालतंच.

२. रद्द झाल्याची ईमेल जपून ठेवा.

३. उरलेले शनिवार-रविवार मनसोक्त फिरा. म्युनिकहून रिजनल गाडीने थेट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत हेच तिकीट चालतं, वेगळं काही काढावं लागत नाही. माझ्या मते याहून स्वस्त परदेशवारी नाही! गाडी शोधताना फक्त लोकल आणि रिजनल गाड्या दिसतील असा फिल्टर लावा.

एक मात्र सांभाळा: त्याच मार्गावर लांब पल्ल्याच्या जलद गाड्याही धावतात. आयसीई, आयसी, ईसी यांत हे तिकीट चालत नाही आणि विनातिकीट प्रवासाचा दंड किमान ६० युरो आहे. चढण्याआधी फलकावर गाडीचा प्रकार वाचा.