सायटोकाइन रिसेप्टरला चिकटतच नाही? आधी या चुका टाळा

सायटोकाइन म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारं प्रोटीन, आणि रिसेप्टर म्हणजे त्याला पकडणारं पेशीवरचं प्रोटीन. त्यांच्या बाइंडिंगचा (एकमेकांना चिकटण्याचा) डेटा बिघडला की पहिला संशय सायटोकाइनवर जातो, व्हायल खराब असेल, फ्रीज-थॉ (गोठवणं-वितळवणं) जास्त झाले असतील वगैरे. असतं तसंही कधीकधी, पण बऱ्याचदा खरी गडबड रिसेप्टरची रचना डोक्यात चुकीची बसल्यामुळे होते. कुलूप आणि किल्ली हे चित्र आपण शाळेपासून घेऊन येतो, आणि इथे तेच नडतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिसेप्टरची एकच चेन (प्रोटीनची साखळी) घेऊन बाइंडिंग मोजणं. आयएल-२ (इंटरल्यूकिन-२) हे सायटोकाइन बघा. त्याच्या रिसेप्टरच्या तीन चेन आहेत, अल्फा, बीटा आणि गॅमा. नुसती अल्फा म्हणजे सीडी२५ घेतली तर केडी साधारण १० नॅनोमोलर, बीटा-गॅमा जोडीला साधारण १ नॅनोमोलर, आणि तिन्ही एकत्र आल्या की थेट १० पिकोमोलरच्या आसपास! (केडी म्हणजे पकड किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा. तो जितका लहान तितकी पकड घट्ट, हे घाईत उलटं वाचलं जातं. आणि १ नॅनोमोलर म्हणजे १००० पिकोमोलर.) २००५ मध्ये या पूर्ण कॉम्प्लेक्सची रचना आली, त्यात दिसतं की अल्फा बाकीच्या दोघींना शिवतसुद्धा नाही, ती फक्त आयएल-२ ला धरून ठेवते आणि सिग्नल बीटा-गॅमा देतात. म्हणून सीडी२५ नसलेल्या पेशींवर कमी डोस देऊन स्टॅट५ (सिग्नल पेशीच्या आत पोचल्याची खूण) दिसला नाही तर सायटोकाइन मेलंय असं लगेच म्हणू नका, आधी फ्लो सायटोमेट्रीवर (पेशीवरची प्रोटीन मोजायची पद्धत) तिन्ही चेन तपासा. गॅमा चेन तर आयएल-४, ७, ९, १५ आणि २१ पण वापरतात, त्यामुळे ती ब्लॉक करून फक्त आयएल-२ थांबवलं असं लिहिणं चूकच.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. एफसी-फ्यूजन रिसेप्टर (अँटिबॉडीचा एफसी हा शेपटीचा भाग जोडलेला) विकत घेतला, बाइंडिंग मोजायच्या चिपवर सायटोकाइन बसवलं, वरून रिसेप्टर सोडला आणि आलेला सुंदर आकडा बघून खूश झालो. पण एफसीमुळे रिसेप्टर जोडीने येतो ना, एक हात सुटला तरी दुसरा धरून असतो, म्हणजे मी मोजत होतो ती दोन हातांची मिळून पकड. उलटं करा, रिसेप्टर चिपवर विरळ बसवा आणि सायटोकाइन वरून सोडा. पण टीएनएफ या सायटोकाइनच्या बाबतीत हेही पुरत नाही, कारण तो मुळातच तीन सारख्या तुकड्यांचा, म्हणजे तोही एकापेक्षा जास्त हातांनी धरतो. तुकडे सुटे करूनही भागत नाही, कारण रिसेप्टर बसतो दोन तुकड्यांच्या मधल्या खाचेत, तुकडे सुटे झाले तर ती खाचच उरत नाही.

डोस वाढवला की रिस्पॉन्स वाढणारच, हेही धरून चालू नका. ग्रोथ हार्मोनचा रिसेप्टर आयएल-२ च्या बीटा-गॅमाच्याच घराण्यातला, १९९२ साली त्याची रचना आली तेव्हा कळलं की एक हार्मोन दोन रिसेप्टर एकत्र आणतो, आधी एका बाजूने मग दुसऱ्या बाजूने. हार्मोन फार झालं की प्रत्येक रिसेप्टरला आपापला रेणू मिळतो, जोड्याच जुळत नाहीत आणि कर्व्ह वर जाऊन खाली येतो. तो खाली आलेला भाग आउटलायर (चुकून आलेला वेगळा आकडा) म्हणून उडवू नका, प्लीज, तीच तर रचनेची खूण आहे.

सोल्युबल (पेशीला न जोडलेला, सुटा) रिसेप्टर टाकला की सिग्नल बंद, हे पण सरसकट नाही. आयएल-६ चा सोल्युबल रिसेप्टर उलट आयएल-६ ला घेऊन पेशीवरच्या जीपी१३० या सिग्नल देणाऱ्या प्रोटीनकडे जातो, आणि ज्या पेशीवर आयएल-६ चा रिसेप्टर नाही तिलाही जागं करतो. हे अडवायचं असेल तर सोल्युबल जीपी१३० वापरा.

आणि म्युटेशन करणाऱ्यांसाठी एक. बहुतेक क्लास वन रिसेप्टरमध्ये (वर आलेलं आयएल-२ च्या बीटा-गॅमाचं घराणं) पेशीच्या पडद्याजवळच्या डोमेनमध्ये डब्ल्यूएसएक्सडब्ल्यूएस हा मोटिफ (अमिनो आम्लांचा ठरावीक क्रम) असतो. तो बदलला, बाइंडिंग गेलं, म्हणजे सायटोकाइन तिथेच बसतं असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण तो मोटिफ बाइंडिंगच्या जागेपासून लांब आहे, तो बिघडला की प्रोटीन नीट फोल्ड होत नाही आणि बरेचदा पेशीच्या पृष्ठभागावर पोचतच नाही. आधी अँटिबॉडीने रिसेप्टर वर आलाय का ते बघा, मग बाइंडिंगचं बोला.