वाळवंटातले प्राणी रंगवायला बसण्याआधी

श्रावणातल्या एखाद्या रविवारी वाड्यावरची आठ-दहा मुलं आमच्या सोप्यावर रंगवायला जमतात. या खेपेचा विषय वाळवंटातले वन्य प्राणी. गोव्यातल्या मुलांच्या डोळ्यांना हिरव्याची सवय, त्यात पावसाळ्यात दारातून दुसरं काही दिसतच नाही. त्यामुळे फुलं-मासे रंगवण्यापेक्षा या चित्राला जास्त तयारी लागते, आणि ती आदल्या दिवशीच उरकलेली बरी.

सगळ्यात आधी चित्र, आणि इथे घाई नको. मागे एकदा मी मिळालं ते कार्टून छापून आणलं होतं. त्यात उंट, कांगारू, मिरकॅट आणि कोपरात वाकलेल्या हातांचा तो उंच निवडुंग, सगळे एका रांगेत. पहिलीतल्या एका मुलाने विचारलं, "मावशी, हे सगळे एकाच गावचे?" नव्हतेच. मिरकॅट आफ्रिकेतल्या कलहारीचा, कांगारू ऑस्ट्रेलियाचा, आणि तो निवडुंग, साग्वारो, फक्त अमेरिका-मेक्सिकोच्या सोनोरन वाळवंटात उगवतो. तेव्हापासून एका चित्रात एकच वाळवंट घेते. आपल्याला थर जवळचं. चिंकारा, वाळवंटी कोल्हा, माळढोक, काटेरी शेपटीचा सरडा म्हणजे सांडा, आणि कोपऱ्यात एक विंचू, एवढे पुरेत. झाड हवं तर खेजडी काढा. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी हीच. मुलं उंट मागतातच. द्यावा, पण गळ्यात घुंगरू आणि नाकात वेसण काढून द्यावा, कारण राजस्थानातला उंट पाळीव आहे. खरा रानटी उंट दोन मदारींचा, चीन-मंगोलियाच्या गोबीकडचा. मदारीत पाणी नसतं, चरबी असते, हेही तेव्हाच सांगून टाकावं.

छापताना रेषा जाड आणि जागा मोठ्या ठेवा. सांड्याच्या शेपटीवरचा एकेक काटा सुटा काढला तर पाच वर्षांचं मूल तिथेच अडकून बसतं. झेरॉक्सवाल्याकडे नेहमीचा पातळ कागद घेऊ नका, जरा जाड मागा. मुलं आठ असतील तर प्रती दहा. पावसाळ्यात कागद एका रात्रीत मऊ पडतो आणि त्यावर स्केचपेन फुटतं. म्हणून प्रती वर्तमानपत्रात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या आणि स्केचपेनं घरातच ठेवून तेलखडू काढायचे.

आता रंग. माझा सगळा जीव यात आहे. चोवीस खडूंच्या पेटीत तपकिरी मोजून दोन-तीन निघतात, आणि इथे तर अख्खं चित्रच तपकिरी! मुलं एकच खडू सगळ्यांवर फिरवतात. मग कोल्हा, हरीण आणि वाळू एकमेकांत विरून जातात. त्यावर मी एक ताट मांडते. चिऱ्याचा तुकडा, काजूची वाळलेली बी, नारळाची करवंटी, सोललेली सुपारी, पोफळीची सुकी विरी, गुळाचा खडा. सगळे तपकिरी, आणि एकाचा रंग दुसऱ्याला नाही. मागच्या खेपेला एक मुलगी काजूची बी कागदावर ठेवून तासभर रंग जुळवत होती. आधी पिवळा, त्यावर हलका तपकिरी, मग चिमूटभर करडा, आणि बोटाने घासून एकजीव. तिचा सांडा खरोखर उन्हात पडलेला वाटत होता. प्राण्यांचे रंग मातीशी मिळतात ते लपण्यासाठी, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

पांढरा खडू विसरू नका. वाळवंटी कोल्ह्याच्या शेपटीचं टोक पांढरं असतं, चिंकाऱ्याचं पोट पांढरं. माळढोकाची मान फिकट आणि डोक्यावर काळी टोपी, म्हणून काळाही धारदार हवा. या पक्ष्याबद्दल दोन वाक्यं बोलाच. मीटरभर उंच, उडणाऱ्या पक्ष्यांतला अगदी वजनदार, सोलापूरजवळ नान्नजला त्याच्या नावाचं अभयारण्य आहे, आणि आता तो नामशेष व्हायच्या काठावर उभा आहे. मुलं गप्प होऊन ऐकतात आणि मग त्याला जास्त जपून रंगवतात.

बाकीचं किरकोळ. कागद पॅडला लावायला कपड्यांचे चिमटे, नाहीतर पंख्याने उडतात. हाताखाली धरायला कोरा कागद, कारण तेलखडू मनगटाने पसरतो. आधी प्राणी, वाळू शेवटी. हात पुसायला खोबरेल तेलाचा बोळा आणि जुनं फडकं. खायला केळी किंवा भिजवलेले चणे. तळलेलं रंगवून झाल्यावर द्या. वीज गेली तर म्हणून बसायची जागा दाराजवळच.

कागद हातात देतानाच मागे नाव लिहून घ्या. नंतर दहा चिंकाऱ्यांतला आपला कुठला यावरून रडारड होते. आणि चित्रं एकावर एक रचू नका, तेलखडू चिकटतो. सोप्यावर सुंभाची दोरी आधीच बांधून ठेवा आणि पॅडचेच चिमटे काढून तिथे टांगा, पागोळ्यांपासून हातभर आत.