पावसाआधी मांजरीच्या जंतांचा बंदोबस्त

गॅलरीला ताडपत्री लावायची वेळ आली, की मांजरीच्या पोटाचंही बघून घ्यावं. मुंबईच्या दमट पावसाळ्यात पिसवांचं फावतं आणि पिसवांमागून जंत येतात. ‘आमची मांजर दाराबाहेर जातच नाही’ या भरवशावर राहू नये. डक्टमधून चढणारा उंदीर आणि मोरीतलं झुरळ यांच्या पोटातून जंत घरात येतात, त्यांची अंडी तर चपलेच्या तळव्यालाही चिकटून येतात.

आधी निरीक्षण. शेपटीखालच्या केसांत किंवा तिच्या झोपायच्या चादरीवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे दिसतात का? ताजे असले तर ते आकसतात, लांबतात. वाळले की पिवळट तिळासारखे दिसतात. हा पट्टकृमी. उलटीत शेवयांसारखं काही पडलं तर तो गोलकृमी. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं आणि पाठीचा कणा हाताला लागतोय, हीसुद्धा त्याचीच खूण. मोठ्या मांजरीत मात्र बहुतेकदा काहीच दिसत नाही, म्हणून शी तपासून घ्यायची.

नमुना सुपारीएवढा पुरतो. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत भरून तारीख लिहावी आणि लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावा, फ्रीजरमध्ये नाही. जंत रोज सारखी अंडी टाकत नाहीत, त्यामुळे ३ दिवसांचे नमुने दिले तर उत्तम. पट्टकृमीची अंडी तपासणीतून अनेकदा निसटतात, तेव्हा रिपोर्ट निर्मळ आला तरी ते तुकडे दिसले असतील तर डॉक्टरांना सांगाच, मोबाईलवर फोटो काढून ठेवलेला बरा.

वजन आदल्या दिवशीच करावं. आधी तिला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने. वजाबाकी ते तिचं वजन. पिल्लू डब्यात बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावं. अंदाजाने दिलेला डोस कमी पडला तर जंत उरतात.

औषध नावानिशी विचारून घ्या. पायरँटेल गोलकृमी आणि आकडेकृमींवर चालतं, पट्टकृमींवर नाही. त्यासाठी प्राझिक्वांटेल लागतं. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया या जुलाब करणाऱ्या एकपेशी परजीवींवर या दोन्हींचा उपयोग नाही, त्यामुळे ‘जंताची गोळी दिली तरी जुलाब थांबत नाहीत’ ही तक्रार असेल तर गोळी बदलण्याआधी शी तपासा. पिल्लांना ३ आठवड्यांपासून दर १५ दिवसांनी, दूध तुटल्यावर आणखी २ आठवड्यांपर्यंत, मग ६ महिन्यांची होईपर्यंत दरमहा. दूध पाजणाऱ्या आईलाही सोबतच द्यावं, कारण गोलकृमींच्या अळ्या दुधातून पिल्लांत उतरतात. उंदीर मारणाऱ्या मांजरीला दर ३ महिन्यांनी. हिरड्या पांढरट पडल्या किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर घरी डोस देत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पिसवांचा बंदोबस्त त्याच आठवड्यात व्हायला हवा. चाटताना पिसू गिळली गेली की पट्टकृमी पुन्हा येतो, ३ आठवड्यांत तुकडे परत दिसू लागतात आणि लोक गोळीला दोष देतात. बारीक दातांच्या फणीने विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कुत्र्यांचं पिसवांचं औषध मांजरीला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर तडफडून मरू शकते. सोफ्याखालची फट झाडावी, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात.

लिटर, म्हणजे शीच्या ट्रेमधली घाण झालेली वाळू, रोज काढायचं. टोक्सोप्लाझ्मा या एकपेशी परजीवीच्या अंड्यांसारख्या पेशी शीतून बाहेर पडल्यावर निदान एका दिवसाने संसर्गक्षम होतात, तेवढ्यात ट्रे साफ झालेला असावा. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. फिनाईल वापरू नये: गोलकृमींची अंडी त्याला दाद देत नाहीत, मांजरीला मात्र ते विषारी. रिकाम्या ट्रेमध्ये उकळतं पाणी ओतून घासावं. मासळीबाजारातले बोंबील-मांदेली कच्चे घालू नयेत, बिनमिठाचे उकडून, काटे काढून द्यावेत.

शेवटच्या डोसनंतर साधारण २ आठवड्यांनी पुन्हा शी तपासायची, ती तारीख औषध देतानाच कॅलेंडरवर लिहून ठेवा.