बालवर्गात संगणकाचा कोपरा कसा मांडावा

आधी जागा ठरवा. रंगकाम, वाळू आणि हात धुण्याची जागा यांपासून कोपरा लांब हवा. खिडकी संगणकाच्या पडद्याच्या बाजूला यावी. समोर आली तर पडदा चकाकतो, मागे आली तर उजेड मुलांच्या डोळ्यांवर येतो. पडदा वर्गाकडे वळलेला ठेवा, म्हणजे ताईंना कुठूनही दिसेल.

३ ते ५ वर्षांच्या मुलांना टेबल साधारण ४५ ते ५० सें.मी. उंच आणि खुर्चीची बैठक २६ ते ३० सें.मी. पुरते. मात्र आकड्यांवर थांबू नका, मूल बसवून पाहा: तळपाय जमिनीला टेकलेले, कोपर काटकोनात, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. मोठ्यांच्या खुर्चीत उशी घालून भागवलं, तर पाय लोंबकळतात आणि मूल लगेच चुळबुळ करू लागतं.

एका संगणकाला खुर्च्या दोन. दोघं असली की बोलतात, भांडतात, एकमेकांना दाखवतात. तिसऱ्याच्या हाती माउस येतच नाही. दोघांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून हेडफोनपेक्षा हळू आवाजातला छोटा स्पीकर बरा.

सीपीयू मुलांच्या पायाशी नको, पॉवरचं बटण दाबलं जाणारच. एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या खालून, भिंतीकडच्या बाजूला स्क्रूने बसवा, वायरी केबल टायने बांधा आणि मोकळ्या सॉकेटना झाकणं लावा. माउस लहान आणि वायरचाच घ्या. वायरलेसचा नखाएवढा रिसीव्हर सहज तोंडात जातो. डाव्या बटणावर रंगीत टिकली चिकटवा.

खरी डोकेदुखी सेटिंगची, कारण ती मोठ्यांसाठी केलेली असतात. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज (शिफ्ट, कंट्रोलसारखी बटणं धरून न ठेवता एकेक करून दाबायची सोय) आणि उजवं शिफ्ट ८ सेकंद धरलं की फिल्टर कीज चालू करायचं का, असं विचारलं जातं. मूल ‘हो’ दाबतं. फिल्टर कीजमुळे पटकन दाबलेली अक्षरं उमटतच नाहीत आणि आपण कीबोर्ड बिघडला म्हणतो. दोन्ही शॉर्टकट आधीच बंद करा. पॉइंटर मोठा आणि संथ करा. डबल क्लिक या वयात जमत नाही, तेव्हा एका क्लिकने उघडणारा पर्याय निवडा. मुलांचं खातं वेगळं, अॅडमिन अधिकार नसलेलं. अपडेटची वेळ वर्ग सुटल्यानंतरची.

सुरुवातीला दोनच प्रोग्राम पुरेत: चित्रं काढायचा टक्स पेंट आणि शैक्षणिक खेळांचा जीकॉम्प्री. दोन्ही मोफत, इंटरनेटशिवाय चालणारे. टक्स पेंटच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये, पूर्ण पडदा चालू ठेवा, छपाई आणि ‘बाहेर पडा’ बंद करा. ताईंना ऑल्ट आणि एफ४ दाबून तो बंद करता येतो.

पाळी १० मिनिटांची, शेजारी वाळूचं घड्याळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा चालतो, आणि त्यात घरचा टीव्हीही आला.