फेमिनाइज्ड बी मागवायच्या आधी एवढं वाचा
ऑनलाइन ते गांजाच्या झाडाचं फेमिनाइज्ड इंडिका बी दिसतं ना, भरपूर चिकाचं, जवळपास सगळी झाडं मादीच निघणारं, ते सोलापुरात गच्चीवरच्या कुंडीत लावायचा विचार असेल तर सोडून द्या राव. त्या झाडाच्या फुलं-फळं आलेल्या शेंड्यांनाच कायद्यात गांजा म्हणतात, आणि एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा १९८५, कलम २० नुसार विनापरवाना लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् १ लाखापर्यंत दंड, झाड एकच का असेना. उसात लपवू म्हणणारे असतातच, पण फुलोऱ्यात आल्यावर वास कुठं लपवणार? खायचं हेम्प बी, म्हणजे भांगेच्या झाडाचं बी, मात्र २०२१ पासून चालतं, पाकिटावर एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) नंबर बघा, मंद आचेवर भाजा आन शेंगाचटणीसोबत उखळात कुटा, लसूण जरा जास्तच.